अंतर्गत सुरक्षा व दहशतवादविरोधी शिक्षण, महाराष्ट्रातील

अंतर्गत सुरक्षा व दहशतवादविरोधी शिक्षण, महाराष्ट्रातील : देशाच्या सीमेच्या आत उद्‌भवणाऱ्या सशस्त्र उपद्रवांपासून नागरिकांचे जीवित, वित्त व शासनसंस्था यांचे संरक्षण करण्यासाठी सैनिक, पोलीस व मुलकी अधिकारी यांना देण्यात येणारे पद्धतशीर शिक्षण. दंगल, बंडखोरी, घातपात, दहशतवाद, शस्त्रास्त्रांची चोरटी आयात आणि मोठ्या नैसर्गिक आपत्ती हे ह्या शिक्षणाचे प्रमुख विषय होत. परचक्राविरुद्ध लढणारा सैनिक शत्रूचा नाश करण्यासाठी शस्त्र उचलतो. अंतर्गत सुरक्षेच्या कामी नेमलेल्या सैनिकासमोर मात्र स्वदेशीय नागरिक असतात आणि त्याचे प्रत्येक कृत्य पुढे न्यायालयात तपासले जाऊ शकते. ह्या एका भेदामुळे अंतर्गत सुरक्षेचे शिक्षण हे रणविद्येचा केवळ एक पोटविभाग ठरत नाही. महाराष्ट्रात ह्या शिक्षणाचा विकास खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, नाशिकची पोलीस प्रबोधिनी व राज्यावर कोसळलेले प्रत्यक्ष प्रसंग ह्या तीन सूत्रांनी झाला. त्यांपैकी तिसरे सूत्र रायगड जिल्ह्याशी निगडित आहे.

भौगोलिक व ऐतिहासिक पार्श्वभूमी : महाड तालुक्यातील वीर हे गाव मुंबई–गोवा महामार्गावर महाडच्या उत्तरेस आहे. कोकण रेल्वेचा रोहे ते वीर हा ४७ किमी. लांबीचा उत्तरेकडील पहिला टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला व वीर हे महाड–पोलादपूर परिसराचे रेल्वेस्थानक बनले. ह्या परिसराच्या पूर्वेस सह्याद्रीचे घाट असून पश्चिमेस सावित्रीची खाडी बाणकोटपाशी समुद्रास मिळते. खाडीतून गलबते महाडपर्यंत येत आणि तेथून माल घाटमार्गे देशावर जाई. समुद्रातून आत येणारी वाट व घाटावर चढणारी वाट जेथे जवळ येतात, त्या पट्ट्यावर पहारा ठेवणे ही प्रत्येक सत्तेची गरज होती. शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये जावळी घेतल्यावर प्रतापगड उभारला आणि पुढे रायगड ही राजधानी केली, त्यामागे ह्या वाटांचे महत्त्व हेही एक कारण होते.

शिवकालीन किल्ल्यांच्या व्यवस्थेत अंतर्गत सुरक्षेचा विचार स्पष्ट दिसतो. किल्ल्याचा अधिकार हवालदार, सबनीस व कारखानीस ह्या तिघांत विभागलेला असे. त्यांपैकी कोणा एकास फितूर करून किल्ला हस्तगत करता येऊ नये, हा त्यामागील हेतू होता. बहिर्जी नाईक यांच्या हाताखालील हेरांचे खाते लष्करी हालचालींस आधारभूत होते. तथापि हे ज्ञान अनुभवातून व वडीलधाऱ्यांकडून मिळे. त्यासाठी स्वतंत्र विद्यालय नव्हते.

ब्रिटिश अमदानी : ईस्ट इंडिया कंपनीने १७५६ मध्ये बाणकोटबरोबर वीरजवळचे दासगावही पेशव्यांकडून मिळविले. पुढे ह्या भागातून मुंबई लष्करात मोठ्या प्रमाणावर भरती झाली. पलटणींतील शाळांमुळे सैनिक व त्यांची मुले साक्षर होऊ लागली. महाडजवळील रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त झाले व त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखन व संघटन आरंभिले. महारांची लष्करभरती बंद झाल्यावर तिच्याविरुद्ध त्यांनी अर्ज तयार केला. लष्कर हे ह्या समाजास उपजीविकेइतकेच शिक्षणाचेही दार होते, हे त्या प्रयत्नांवरून लक्षात येते. अधिकारपदाचे शिक्षण मात्र दीर्घकाळ हिंदी लोकांस बंद होते.

पोलिसांच्या शिक्षणासाठी १९०६ मध्ये प्रशिक्षण विद्यालय स्थापन झाले व १९०९ मध्ये ते नाशिक येथे आले. आजची महाराष्ट्र पोलीस प्रबोधिनी ही त्याचीच परिणती होय. लष्कराचा नागरी भागात वापर कसा करू नये, याचे धडे मात्र विद्यालयाबाहेर मिळाले. १९१९ च्या जालियनवाला बागेतील गोळीबारानंतर किमान बळाचे तत्त्व वादाच्या केंद्रस्थानी आले. महाराष्ट्रात मे १९३० मध्ये सोलापूर येथे लष्करी कायदा पुकारण्यात आला. ह्या प्रकरणी मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या कारागृहात फाशी देण्यात आले. शांतता प्रस्थापित झाली, तरी शासन व जनता यांतील विश्वास तिने निर्माण केला नाही.

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी : डेहराडून येथे १९३२ मध्ये भारतीय सैनिकी प्रबोधिनी स्थापन झाली. महाराष्ट्रात डॉ. बा. शि. मुंजे यांच्या पुढाकाराने नाशिक येथे १९३७ मध्ये भोसला सैनिकी विद्यालय निघाले. दुसऱ्या महायुद्धानंतर तिन्ही दलांच्या भावी अधिकाऱ्यांस एकत्र शिक्षण द्यावे, असा विचार पुढे आला. फील्ड मार्शल ऑकिन्लेक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याची योजना आखली. जानेवारी १९४९ मध्ये डेहराडून येथे संयुक्त शाखा सुरू झाली. पुण्याजवळ खडकवासल्यास पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी ६ ऑक्टोबर १९४९ रोजी कोनशिला बसविली व १६ जानेवारी १९५५ रोजी प्रबोधिनीचे औपचारिक उद्‌घाटन झाले. महायुद्धात सूदानच्या रक्षणार्थ लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ तेथून आलेल्या देणगीतून प्रबोधिनीची मुख्य इमारत उभी राहिली. तीस ‘सूदान ब्लॉक’ म्हणतात. साताऱ्याचे सैनिकी विद्यालय (१९६१) हे ह्या प्रबोधिनीसाठी विद्यार्थी तयार करणाऱ्या विद्यालयांपैकी देशातील पहिले होय.

प्रबोधिनीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा व सहा सत्रांचा असून तो पूर्ण करणाऱ्या छात्रास जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. लष्करी इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, आंतरराष्ट्रीय संबंध, परकीय भाषा व विज्ञानविषय यांबरोबर कवायत, नकाशावाचन, शस्त्रविद्या व क्षेत्रशिबिरे यांचा त्यात समावेश होतो. शिबिरांपैकी एकास तोरणा किल्ल्याचे नाव आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर मुलींसही प्रवेशपरीक्षा खुली झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि तिच्यातील १७ छात्रांनी ३० मे २०२५ रोजी दीक्षान्त संचलनात भाग घेतला.

ह्या वयातील छात्रांस दहशतवादविरोधी कारवाईत निष्णात करणे हा प्रबोधिनीचा मुख्य उद्देश नाही. नेतृत्व, शिस्त व तिन्ही दलांतील परस्परविश्वास यांचा पाया घालणे हे तिचे कार्य होय. विशेष शिक्षण पुढे आपापल्या दलांच्या प्रबोधिनींत व प्रत्यक्ष नेमणुकीपूर्वीच्या विद्यालयांत मिळते. ईशान्य भारतातील बंडखोरीच्या अनुभवातून १९६७ मध्ये निघालेले जंगलयुद्धाचे विद्यालय १९७० मध्ये मिझोराममधील वैरेंगटे येथे स्थिरावले व बंडखोरीविरोधी शिक्षणाचे ते प्रमुख केंद्र बनले. ओलीस सोडविणे, विमान अपहरण मोडून काढणे व बाँब निकामी करणे यांसाठी राष्ट्रीय सुरक्षा दल १९८४ मध्ये उभारण्यात आले. पुण्याच्या दापोडी येथील सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात स्फोटकांसंबंधीचे शिक्षण दिले जाते.

विधिविषयक चौकट : भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार संरक्षण हा संघाचा, तर सार्वजनिक सुव्यवस्था व पोलीस हे राज्यांचे विषय होत. लष्कर मुलकी सत्तेच्या साहाय्यास येते, तिची जागा घेत नाही. बेकायदा जमाव पांगविण्यासाठी सशस्त्र दलांस बोलाविण्याची तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम १४९ व १५० मध्ये आहे. कमीत कमी बळ वापरावे व व्यक्ती आणि मालमत्तेस होणारी इजा शक्य तेवढी टाळावी, असे ह्या तरतुदींचे बंधन आहे. दहशतवादासाठी ‘टाडा’ (१९८५, १९८७) व ‘पोटा’ (२००२) हे खास कायदे आले. पहिला १९९५ मध्ये मुदत संपून, तर दुसरा २००४ मध्ये निरसनाने संपला. त्यांच्या गैरवापराच्या तक्रारी ह्या त्यांच्या शेवटास मोठ्या प्रमाणावर कारणीभूत झाल्या. १९६७ चा बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. महाराष्ट्रात संघटित गुन्हेगारीविरुद्ध १९९९ पासून स्वतंत्र कायदा आहे.

१९९३ चा प्रसंग : १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या बाँबस्फोटांच्या मालिकेत २५७ जण मृत्युमुखी पडले व ७०० हून अधिक जखमी झाले. त्यासाठीची शस्त्रे व आरडीएक्स ही स्फोटके रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर उतरविण्यात आली होती. जानेवारी १९९३ मध्ये दिघी येथे व फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडी येथे ही खेप उतरली. सोने-चांदीच्या तस्करीसाठी रुळलेल्या वाटा, त्याच बोटी, तेच हमाल व लाच घेऊन डोळेझाक करण्याची तीच पद्धती ह्या कामी उपयोगात आली. दिघीची खेप मुंबईकडे जात असता गोंडघर फाट्यावर पोलिसांनी वाहने अडविली होती; लाच ठरल्यावर ती सोडून देण्यात आली.

खास न्यायालयाने २००६–०७ मध्ये १०० आरोपींस दोषी ठरविले. त्यांत पोलीस व सीमाशुल्क खात्यांतील व्यक्तींचाही समावेश होता. सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०१३ रोजी दिलेल्या निर्णयात ह्या खात्यांच्या कर्तव्यच्युतीवर कठोर ताशेरे ओढले. सुरक्षेच्या शिक्षणाच्या दृष्टीने ह्या प्रकरणाचा अर्थ दुहेरी आहे. फाट्यावरील पोलिसांस वाहने ओळखता आली नाहीत, असे नव्हते. शस्त्र कमी पडले, असेही नव्हते. नित्याची तस्करी व असामान्य घातपात यांत फरक करणारी गुप्तवार्ता त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नव्हती आणि नित्याच्या लाचेस अपराध न मानण्याची सवय जडलेली होती. त्यांपैकी पहिली उणीव शिक्षणाने भरून निघते, दुसरी केवळ शिक्षणाने निघत नाही. १९९३ मध्येच नेमलेल्या वोरा समितीने गुन्हेगारी टोळ्या, शासकीय अधिकारी व राजकीय व्यक्ती यांच्यातील साटेलोट्याकडे लक्ष वेधले. त्याच वर्षी महाराष्ट्र व गुजरातच्या किनाऱ्यावर नौदल, तटरक्षक दल व अन्य खाती यांची ‘ऑपरेशन स्वान’ ही संयुक्त गस्त सुरू झाली.

२००८ चा हल्ला व त्यानंतर : २६ नोव्हेंबर २००८ रोजी समुद्रमार्गे आलेल्या दहा दहशतवाद्यांनी मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनस, ताजमहाल व ओबेरॉय ही हॉटेले, नरिमन हाउस, कामा रुग्णालयाचा परिसर इ. ठिकाणी हल्ले केले. २९ नोव्हेंबरच्या सकाळपर्यंत चाललेल्या ह्या संघर्षात १६६ व्यक्तींचा बळी गेला. दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर हे अधिकारी त्यात मरण पावले. ताजमहाल हॉटेलमधील कारवाईत प्राण गमावलेले राष्ट्रीय सुरक्षा दलाचे मेजर संदीप उन्नीकृष्णन हे खडकवासल्याचे माजी छात्र होते. ह्या दलाचा एकच तळ दिल्लीजवळ मानेसर येथे असल्याने त्यास मुंबईत पोहोचेपर्यंत रात्र उलटली.

हल्लेखोरांपैकी अजमल कसाब हा एकटाच गिरगाव चौपाटीवर जिवंत पकडला गेला. साहाय्यक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी त्याची बंदूक दोन्ही हातांनी धरून ठेवली व गोळ्या झेलत प्राण दिले. त्यामुळे सहकाऱ्यांस त्यास पकडता आले. ओंबळे यांच्याजवळ केवळ लाठी होती. सातारा जिल्ह्याच्या जावळी भागातील केडंबे हे त्यांचे गाव असून ते लष्कराच्या संदेशवहन विभागातून निवृत्त होऊन मुंबई पोलिसांत आले होते. त्यांस मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. कसाब जिवंत हाती लागल्यामुळे कटाचा तपास, उघड खटला व पुराव्यावर आधारलेला निर्णय शक्य झाला. मे २०१० मध्ये त्यास दोषी ठरवून फाशीची शिक्षा देण्यात आली. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. सर्वोच्च न्यायालयापर्यंतची प्रक्रिया पूर्ण झाल्यावर २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा येथे शिक्षेची अंमलबजावणी झाली.

राज्य शासनाने नेमलेल्या राम प्रधान समितीने (२००९) पोलिसांच्या प्रतिसादाची छाननी केली. ठरलेल्या कार्यपद्धतीचे पालन न होणे, गुप्तवार्तेच्या इशाऱ्यांचे एकत्रित मूल्यमापन न होणे व दारूगोळ्याच्या तुटवड्यामुळे शीघ्र कृतिदलांचा नेमबाजीचा सराव खंडित होणे, अशा उणिवा तिने दाखविल्या. त्यानंतर २००९ मध्ये मुंबईत राष्ट्रीय सुरक्षा दलाचा तळ आला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात राज्याचे ‘फोर्स वन’ हे विशेष दल स्थापन झाले. पुणे येथे गुप्तवार्ता अधिकाऱ्यांसाठी स्वतंत्र प्रबोधिनी निघाली. नक्षलवादी कारवायांविरुद्ध गडचिरोलीत १९९० पासून ‘सी-६०’ हे पथक असून स्थानिक भाषा व जंगल जाणणारे तरुण हे त्याचे बळ आहे. त्या प्रकारच्या कारवायांचे शिक्षण नागपूरजवळील सुराबर्डी येथे दिले जाते. किनाऱ्यावर सागरी पोलीस ठाणी वाढविण्यात आली व ‘सागर कवच’ ह्या नावाने संयुक्त सराव होऊ लागले. मच्छीमारांना सागरी सुरक्षेचे ‘डोळे व कान’ मानण्याचे धोरण ह्या काळात रूढ झाले. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर तीन रायफली असलेली एक निर्मनुष्य बोट सापडली. ती यांत्रिक बिघाडामुळे ओमानच्या समुद्रात सोडून दिलेली परदेशी बोट असल्याचे व तिचा दहशतवादाशी संबंध नसल्याचे लवकरच स्पष्ट झाले. तरीही जिल्हाभर तत्काळ नाकेबंदी झाली, हा १९९३ नंतरचा बदल होय.

परदेशांतील शिक्षण : अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर ‘होमलँड सिक्युरिटी’ ही संज्ञा रूढ झाली व त्या नावाचे स्वतंत्र खाते स्थापन झाले. वेस्ट पॉइंट येथील सैनिकी प्रबोधिनीत २००३ मध्ये दहशतवादविरोधी अभ्यासाचे केंद्र निघाले. माँटेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत मुलकी अधिकारी, अग्निशामक दले व पोलीस यांसाठी अभ्यासक्रम सुरू झाले. अमेरिकेत १८७८ च्या कायद्याने मुलकी कायद्याच्या अंमलबजावणीसाठी लष्कर वापरण्यावर मर्यादा घातलेल्या असल्याने तेथील छात्रांस कायद्याची सीमारेषा आरंभीच शिकविली जाते. भारतात गांधीनगर येथील राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ (२०२०) अंतर्गत सुरक्षेच्या विषयांस वाहिलेले असून पुणे विद्यापीठात संरक्षणशास्त्राचा विभाग आहे.

आपत्तिनिवारण : अंतर्गत सुरक्षेच्या व्यापक कल्पनेत नैसर्गिक आपत्तींचाही अंतर्भाव होतो आणि वीर–महाड–पोलादपूर परिसरास तिचा अनुभव अधिक वेळा आला. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत दासगाव, जुई, रोहण व कोंडिवते येथे दरडी कोसळून मोठी मनुष्यहानी झाली. २ ऑगस्ट २०१६ रोजी सावित्रीवरील जुना पूल पुरात वाहून गेला व त्यासोबत प्रवाशांनी भरलेल्या दोन एसटी गाड्याही गेल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे दरडीखाली ८० हून अधिक माणसे गाडली गेली. पाणी भरल्याने रस्ते बंद होते, वीज व दूरध्वनी तुटले होते आणि बचावपथकांस गावापर्यंत पोहोचण्यास विलंब झाला. दूर ठेवलेले कुशल दल व संकटाचे ठिकाण यांतील अंतर हा २००८ मध्ये मुंबईत जाणवलेलाच प्रश्न येथे वेगळ्या रूपाने पुढे आला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा तळ पुण्याजवळ असून आता वर्षाकाळात त्याचे पथक महाडला ठेवण्यात येते. अशा प्रसंगी पहिल्या काही तासांत हाताशी असलेले मनुष्यबळ हे गावातील लोक, पोलीसपाटील व स्थानिक गिर्यारोहक यांचेच असते. त्यांचे शिक्षण हा ह्या विषयाचा तुलनेने दुर्लक्षित भाग होय.

मूल्यमापन : महाराष्ट्रातील दहशतवादविरोधी शिक्षणाचा भर शस्त्रकौशल्य व शीघ्र हालचाल यांवर अधिक राहिला. अन्वेषण, न्यायसाहाय्यक विज्ञान व पुराव्याची जपणूक ह्या शाखा त्या मानाने मागे राहिल्या. ११ जुलै २००६ च्या मुंबईतील उपनगरी गाड्यांमधील स्फोटांत १८० हून अधिक प्रवासी मरण पावले. ह्या प्रकरणी २०१५ मध्ये दोषी ठरलेल्या सर्व १२ आरोपींचे दोष मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी रद्द केले. कबुलीजबाब व ओळखपरेड यांवर विसंबता येत नाही, असे त्या न्यायालयाचे मत झाले. हा निर्णय अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास सर्वोच्च न्यायालयाने लगेच स्थगिती दिली. २००८ च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यातील सातही आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी खास न्यायालयात पुराव्याअभावी सुटले. दोन्ही प्रकरणी मृतांच्या नातेवाइकांस दीर्घ काळानंतरही अपराधी कोण, ह्याचे उत्तर मिळाले नाही. निरपराध व्यक्ती वर्षानुवर्षे कारागृहात राहणे व खरा अपराधी मोकळा राहणे, हे दोन्ही सुरक्षेचेच अपयश होय.

प्रबोधिनीतील शिक्षण अधिकाऱ्यास संकटात निर्णय घेण्यास समर्थ करते. परंतु संकट बहुधा प्रथम पोहोचते ते किनाऱ्यावरील चौकीत, फाट्यावरील नाक्यात वा रेल्वेच्या फलाटावर. गोंडघर फाट्यावर सोडून दिलेली वाहने व गिरगाव चौपाटीवर न सोडलेली बंदूक ही ह्या शिक्षणाच्या इतिहासातील दोन टोके आहेत. दोन्ही ठिकाणी कनिष्ठ श्रेणीचे पोलीसच उभे होते. त्यांच्यापर्यंत गुप्तवार्ता, सराव, कायद्याचे ज्ञान व सचोटीची परंपरा किती पोहोचते, यावर ह्या शिक्षणाचे यशापयश अवलंबून राहते.